वाचकांचे प्रश्न: कॅमेरा आणि माणसं

प्रश्न: देवनारच्या डम्पिंगवर कचरा वेचणाऱ्या, बाहेरगावाहून आलेल्या कुटुंबांवर फोटोमालिका करायची आहे. कॅमेरा दिसला की बाया तोंड फिरवतात. लांबून झूम लेन्सने काढू का?
– एक वाचक, चेंबूर

उत्तर: नको. ती तोंडं का फिरतात ते आधी समजून घ्या. जानेवारी २०१६च्या मोठ्या आगीनंतर तिथला पहारा वाढला. कचऱ्याच्या डोंगरावर चढणंच चोरीचं ठरलं असेल, तर छापलेला चेहरा हा पुरावा होतो. रोजी जाते ती तिची, तुमची नाही.

सुरुवात वस्तीतून करा. डम्पिंगला लागून असलेल्या शिवाजीनगरच्या गल्ल्यांत प्लास्टिक, पुठ्ठा, पत्रा वेगळा करत बसलेली घरं दिसतील. तिथे बसा, गाव विचारा, भंगारवाल्याच्या काट्यावर आज काय भाव मिळाला ते विचारा. कॅमेरा पिशवीतच राहू द्या. फोटो कुठे छापणार हे स्पष्ट सांगा. नवऱ्याने ‘हो’ म्हटलं तरी बाईला वेगळं विचारा. पोरांचे चेहरे मी तरी छापत नाही. कचऱ्यात हात घातलेलं पोर संपादकांना हमखास आवडतं, म्हणून तर जास्तच सांभाळायचं. हात, गोणी, कचरा उपसायची आकडी, पाठमोरी चाल यांतूनही काम पूर्ण दिसतं.

आणि प्रिंट नेऊन द्या, मोबाइलवर नुसती दाखवू नका.