मळणी यंत्रात गांधीलमाश्यांनी पोळं केलंय, कोणतं औषध फवारू?

तुम्ही विचारलंय की आठ-नऊ महिने उभ्या असलेल्या जुन्या मळणी यंत्रात गांधीलमाश्यांचं पोळं आहे, काय फवारलं की एका दिवसात यंत्र मोकळं होईल. शेवटी एक वाक्य जोडलंय: "वडील म्हणतात फवारायची गरजच नाही, ट्रॅक्टर जोडून चालू केलं की हादऱ्याने आणि धुराने आपोआप उठून जातील." फवारणीचं पुढे सांगतो. पण हे वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो, कारण जवळजवळ याच शब्दांत ते आमच्या दादाने चौदा वर्षांपूर्वी उच्चारलं होतं आणि मी त्याचं ऐकलं होतं.

आमचं यंत्रही जुनंच, ट्रॅक्टरच्या पुलीवरून पट्ट्याने चालणारं. गेल्या हंगामापासून पत्र्याखाली उभं होतं. मळणीच्या आदल्या संध्याकाळी मी पट्टा बघायला गेलो, तर एक गांधीलमाशी तोंडात हिरवा गोळा धरून आली आणि हॉपरखालच्या, म्हणजे पीक आत टाकायच्या तोंडाखालच्या, फटीतून आत गेली. दोन मिनिटांत दुसरी, मग तिसरी. तो हिरवा गोळा म्हणजे चावून मऊ केलेली अळी. मोठी माशी ती स्वतःसाठी आणत नाही, पोळ्यातल्या पिल्लांना भरवते. म्हणजे आत भरलेलं घर होतं, आणि पिल्लं असलेलं घर माशी सहजासहजी सोडत नाही. मी दादाला म्हटलं, आज रात्री काढू, उद्या दुपारी सुरू करू. तो म्हणाला, माणसं सकाळी सातला येणार, त्यांना काय सांगू? हादरा बसला की जातात. मी गप्प बसलो.

सकाळी मी ट्रॅक्टरवर, अण्णा हॉपरपाशी, दादा पलीकडे पोत्यांजवळ. क्लच सोडला, ड्रम घुमायला लागला. पाच-सहा सेकंद काहीच झालं नाही, दादाने माझ्याकडे बघून मान डोलावलीसुद्धा. मग त्या फटीतून एकदम झोत बाहेर पडला. अण्णांनी दोन्ही हात तोंडावर घेतले आणि आंधळ्यासारखे मागे सरकत गेले. मागे पट्टा होता. त्यांच्या खांद्यावरच्या टॉवेलचं टोक लोंबत होतं आणि पट्टा तिथून वीतभर लांब होता. मला त्या क्षणी माश्या दिसतच नव्हत्या, ते टोक दिसत होतं. मी स्टॉप ओढला. इंजिन बंद पडलं, पण मळणी यंत्राचं फ्लायव्हील जड असतं, ते ताबडतोब थांबत नाही. पट्टा फिरतच होता. मी उडी टाकली आणि अण्णांना दंडाला धरून बाजूला खेचलं.

त्यांना सात डंख होते. मानेवर, कानामागे, एक वरच्या ओठावर. मला दोन. पहिली दहा मिनिटं अण्णा म्हणत होते, काही नाही, आग होतेय फक्त. मग तळहात आणि तळपाय खाजायला लागले. सदरा वर केला तर पोटावर गांधी उठलेल्या, जिथे एकही माशी बसली नव्हती. आणि मग आवाज बदलला. घशात काही अडकल्यासारखा, जड. गाडी मिळेना, म्हणून मोटारसायकलवर मध्ये बसवून नेलं. आता कळतं की अशा माणसाला शक्यतो आडवं झोपवून न्यावं, श्वास घेणं जड जात असेल तरच टेकून बसवावं. डॉक्टरांनी दुसरं काही विचारायच्या आधी मांडीत ॲड्रेनालाइनचं इंजेक्शन दिलं आणि रात्रभर ठेवून घेतलं, कारण काही तासांनी हाच त्रास पुन्हा उसळू शकतो. अण्णा वाचले. आजही आहेत.

दादा मात्र त्या दिवसापासून एकच सांगत आलाय: "तू इंजिन बंद केलंस म्हणून चावल्या. चालू ठेवलं असतंस तर धुराने पळाल्या असत्या." दर हंगामात, दर पाहुण्यासमोर. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

धुराने मधमाशी शांत होते, हे खरं आहे. धुरामुळे तिला धोक्याचा वास नीट कळत नाही, आणि दुसरं म्हणजे ती घाईने मध पिऊन पोट भरून घेते आणि मग डंख मारण्याच्या फंदात फारशी पडत नाही. गांधीलमाशीच्या पोळ्यात मधाचा असा साठा नसतोच, तिने पिऊन काय घ्यायचं? शिवाय ट्रॅक्टरचा धूर वर जातो आणि मळणी यंत्र पट्ट्याच्या लांबीइतकं दूर उभं असतं. धूर पोळ्यापर्यंत गेलाच नाही. गेला तो फक्त हादरा, आणि हादरा म्हणजे गांधीलमाशीसाठी कुणीतरी घरावर चालून आल्याची खूण. त्यात एक डसली की तिच्या विषाचा वास बाकीच्यांना चेतवतो. मधमाशीचा डंख कातडीत अडकून तुटतो, ती एकदाच डसते. गांधीलमाशीचा तुटत नाही, एकच माशी चार-पाच वेळा डसू शकते. चालू इंजिन या सगळ्यावर उपाय कसा असेल? फिरत्या पट्ट्याशेजारी डोळे झाकून हात झाडणारा माणूस उभा असताना इंजिन बंद करायचं असतं. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा बंद करीन. डंख उतरतात. पट्ट्यात गेलेला हात परत येत नाही.

आता तुमचं औषध. शेतात फवारायचं कीटकनाशक हॉपरमध्ये मारू नका. त्याच हॉपरमधून उद्या धान्य जाणार आहे. रॉकेल, पेट्रोल, टेंभा यांचं तर नावच काढू नका. जुन्या यंत्राच्या सांदीकोपऱ्यात वाळलेला भुसा आणि ग्रीस असतं, पोळ्याआधी यंत्र पेटेल. आम्ही तिसऱ्या रात्री साबणाच्या पाण्याने काढलं. लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे भांड्यांचा पातळ साबण, आणि नवा हातपंप, तणनाशकाचा जुना नव्हे. साध्या पाण्याचे थेंब माशीच्या अंगावरून घरंगळतात. साबणाचं पाणी अंगाला चिकटतं, तिची श्वासाची छिद्रं बुजवतं आणि ती तिथेच पडते. पूर्ण अंधार झाल्यावर जा, तोवर सगळ्या घरी आलेल्या असतात आणि अंधारात त्या सहसा उडत नाहीत. बॅटरीच्या काचेवर लाल कागद लावा, लाल उजेड त्यांना जवळजवळ दिसत नाही. जाड कपडे, बंद बूट, तोंडावर जाळी. वाऱ्याच्या बाजूला उभं राहून त्यांच्यावर श्वास सोडू नका.

त्या रात्री मी ते पोळं पहिल्यांदा नीट पाहिलं. माझ्या तळहाताएवढं, राखाडी, ओल्या वर्तमानपत्राचा लगदा वाळावा तसं. लाकूड खरवडून, लाळेत भिजवून केलेला तो कागदच असतो. हॉपरच्या आतल्या एका बोल्टला ते काडीएवढ्या काळ्या देठाने लटकलेलं होतं. मुंग्या वर चढू नयेत म्हणून त्या देठाला माश्या अंगातला स्राव चोपडतात. काही खणांवर पांढरी टोपणं होती, आणि माश्या एकमेकींना चिकटून पोळ्यावर बसल्या होत्या. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. ज्या अळ्यांसाठी आपण फवारण्या करतो त्याच त्या वेचत होत्या. पोळं शेताच्या बांधावर झाडाला असेल तर मी आजही हात लावत नाही. यंत्रात असेल तर काढावंच लागतं. देठासकट खरवडा, नुसतं पाडू नका. आणि दुसऱ्या दिवशी साबण धुऊन, वाळवून, ग्रीस द्या, नाहीतर गंज चढतो.

आधी माशी कोणती ते मात्र बघा. पोळं कागदासारखं नसून मातीच्या कांड्या असतील तर ती कुंभारीण माशी. ती एकटी राहते, घरासाठी भांडत नाही, मुद्दाम चिमटीत धरली तरच डसते. कांडी फोडली तर आत लुळे पडलेले कोळी सापडतील, ते तिच्या अळीचं खाणं. पण यंत्राला ती गांधीलमाशीपेक्षा जास्त छळते. आमचा ट्रॅक्टर सुरू होऊन थोड्या वेळाने दम टाकायचा. डिझेल पंप उघडला, फिल्टर बदलले, काही नाही. शेवटी टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक तिने मातीने लिंपलेलं निघालं. हवा आत जाईना, म्हणून डिझेल खाली येईना. ६ फेब्रुवारी १९९६ ला डॉमिनिकन रिपब्लिकच्या किनाऱ्याजवळ एक बोइंग ७५७ समुद्रात कोसळलं आणि १८९ माणसं गेली. वैमानिकांच्या चुका झाल्याच, पण सुरुवात वेग मोजणारी नळी बुजल्याने झाली, आणि तपास करणाऱ्यांचा संशय याच जातीच्या माशीवर होता. विमान काही दिवस उभं होतं आणि नळ्यांवर झाकणं लावलेली नव्हती. तेव्हा यंत्र उभं करताना हायड्रोलिकची तोंडं, सायलेन्सर, टाकीचा ब्रीदर म्हणजे हवेचं भोक, सगळ्याला टोपी किंवा बारीक जाळी लावा. हॉपरवर ताडपत्री घट्ट बांधा, सैल ताडपत्रीखाली उलट आयता निवारा मिळतो. आणि हंगामाआधी लांब काठीने यंत्राला चार ठोके देऊन दहा मिनिटं दूर उभं राहून बघा.

हे आधी सांगायला हवं होतं: घरात कुणाला पूर्वी डंखाने अंगभर गांधी, सूज किंवा धाप असं काही झालं असेल तर त्याने यंत्राच्या आसपासही फिरकू नये, आणि हे काम माहीतगाराला द्यावं. आत मधमाश्या असतील तर मारू नका, मधमाशीपालन करणाऱ्याला बोलवा. पोळं चेसिसच्या बंद पाइपात किंवा पत्र्यामागे असेल तर साबणाचं पाणी चालत नाही, कारण ते थेट अंगावर पडावं लागतं. डंखांची संख्या मोठी असेल तर ॲलर्जी नसली तरी दवाखान्यात न्या, विषाने मूत्रपिंडं बिघडू शकतात, लघवी गडद झाली तर अजिबात थांबू नका. आणि आवाज, श्वास किंवा शुद्ध यांत जराही फरक पडला तर गोळी देऊन वाट बघत बसू नका. तिथे ॲड्रेनालाइनच लागतं.

वडिलांना हे उत्तर आज संध्याकाळी वाचून दाखवा. तोवर ट्रॅक्टरची किल्ली तुमच्या खिशात ठेवा.