मिनी ट्रॅक्टर घेतोस, तर एचपीआधी गिअर बघ

भाऊ, एचपी किती हे सगळेच विचारतात, गिअरबॉक्स कोणता हे कोणी विचारत नाही. तुझी संत्र्याची बाग अन् गोठा, म्हणजे दिवसभर मागंपुढं करणं अन् वळवणं. स्लायडिंग मेश गिअरबॉक्समध्ये गिअर बदलायला ट्रॅक्टर उभा करावा लागतो, नाहीतर करकर ऐकून जीव जातो. कॉन्स्टंट मेशमध्ये दाते एकमेकांत अडकलेलेच असतात, फक्त कॉलर सरकते. गिअर हलका पडतो. माझं मत विचारशील तर हाच घे.

तिसरा हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा. त्याला पेडल दाबलं की चालला, सोडलं की थांबला. लोडरला झकास! पण महाग, अन् थोडी ताकद तेलातच जिरते. काळ्या मातीत वखर ओढताना तीच कमी पडते.

खरी मेख क्लचची आहे. माझा पहिला ट्रॅक्टर सिंगल क्लचचा. झाडापाशी थांबायला क्लच दाबला की फवारणीचा ब्लोअरही बंद, अर्धं झाड कोरडं! ड्युअल क्लच अर्धा दाबला की चाकं थांबतात, पीटीओ, म्हणजे ब्लोअर-रोटाव्हेटर फिरवणारा मागचा दांडा, फिरतच राहतो.

रोटाव्हेटर मारायचा तर पीटीओ मिनिटाला 540 फेऱ्यांवर असताना ट्रॅक्टर ताशी दोन-तीन किलोमीटरनं चालतो का, ते शेतातच चालवून बघ. क्लच किती जड आहे तेही. माझ्या गुडघ्याला विचार.