जुन्या शहरात जेवायचं कुठं?

यावेळी अर्ध्याहून जास्त प्रश्न एकाच गावाबद्दल आलेत, छत्रपती संभाजीनगर. सुट्टी लागली की आपल्याकडची मंडळी वेरूळ-अजिंठा करायला निघतात, मग मधली एखादी संध्याकाळ जुन्या शहरात काढायची ठरते आणि तिथं पोचल्यावर गाडीतच भांडण सुरू, जेवायचं कुठं. म्हणून यावेळी सगळं एकत्रच घेतलंय.

आम्ही पाच जण दोन दिवसांसाठी येतोय. मी, मिस्टर, दोन लेकरं आणि सासूबाई. सासूबाई पक्क्या शाकाहारी, नॉनव्हेज शिजतं त्या हॉटेलात पाणीसुद्धा पिणार नाहीत. मिस्टर नान खलिया खाल्ल्याशिवाय परत यायचं नाही म्हणून बसलेत. लेकरं पिझ्झा म्हणतील. मोबाईलवर रेटिंग बघून बघून डोकं फिरलं, सगळ्यांनाच चार पॉइंट दोन. सगळ्यांचं जमेल असं एखादं हॉटेल सांगा ना. (वाचिका, लातूर)

ताई, असं एक हॉटेल सांगितलं तर तुमची दोन्ही दिवस फसवणूक होईल. जालना रोडला पाहिजे तेवढी फॅमिली रेस्टॉरंट आहेत, एसी आहे, मेनूकार्ड जाडजूड आहे, पण तेच पनीर अन् तेच मंचुरियन तुम्हाला लातूरलाही मिळतंय, त्यासाठी एवढ्या लांब कशाला यायचं. माझं ऐका, पाचही जणांनी एकाच टेबलावर बसायचा हट्ट सोडा. जुनं शहर हे बसून पोटभर जेवायचं गावच नाही, चालत चालत थोडंथोडं खायचं गाव आहे.

हे गाव मलिक अंबरनं 1610 मध्ये वसवलं, तेव्हा नाव खडकी. नंतर औरंगजेबाच्या काळात तटबंदी झाली, दरवाजे वाढले, लोक अजून बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात. तटाच्या आत जो समाज जिथं वसला तिथं त्याचं खाणं रुजलं. गुलमंडी, राजाबाजार, सराफा हा व्यापारी पट्टा, मारवाडी-गुजराती घरं बरीच, म्हणून तिथं कचोरी, मिठाई, रबडी. सिटी चौक ओलांडून बुढ्ढी लेनकडं वळलात की भट्ट्या आणि देगा सुरू. या दोन्हीत अंतर म्हणाल तर रमतगमत गेलं तरी पंधरा-वीस मिनिटांचं, मग सासूबाई एकीकडं आणि मिस्टर दुसरीकडं, अडलंय कुठं?

करायचं असं. संध्याकाळी पाचच्या सुमारास रिक्षानं पैठण गेटला उतरायचं, स्वतःची गाडी आत घालायची नाही म्हणजे नाही, गुलमंडीवर पार्किंग शोधता शोधता भूक मरून जाते. तिथून टिळक पथानं सरळ गुलमंडी. सुपारी हनुमानाला हात जोडायचे, सासूबाई खूश. मग मछली खडकमधून कपडे-भांडी बघत सिटी चौक आणि पुढं सराफा. इथं इमरती गरम मिळत असेल तर थांबाच. जिलबीसारखी दिसते पण हे उडदाच्या डाळीचं काम, कारागीर कापडाच्या पुरचुंडीतून आधी एक गोल कडं घालतो आणि मग त्याच्यावर छोट्या छोट्या पाकळ्या फिरवत जातो, हात एकदाही थांबत नाही. लेकरं हे बघत बसतील आणि तेवढा वेळ पिझ्झा विसरतील. कचोरी घ्या, वरून चटणी कमी सांगा, नाहीतर लहान्याच्या डोळ्यात पाणी येईल.

आता मिस्टरांचं. नान खलियाला त्यांना एकट्यालाच पाठवा, किंवा मोठं लेकरू सोबत जाऊ द्या. बुढ्ढी लेनचं नाव कुठल्याही रिक्षावाल्याला सांगितलं तरी पुरे. बसायला साधी बाकडी, स्टीलच्या प्लेटा, गर्दी. हॉटेल निवडायची एकच खूण, नान कुठून येतोय ते बघा. भट्टी तिथंच किंवा शेजारी असेल आणि नान कापडात गुंडाळून गरम येत असेल तर बसा, सकाळपासून टोपल्यात पडलेला असेल तर पुढं चला. चांगला नान जाड, मऊ, वरून पिवळसर चकाकणारा, थोडा गोडसर लागतो. खलिया म्हणजे मटणाचा पातळ रस्सा, मसाल्यात खोबरं-खसखस, आणि वर लाल तर्रीचा थर. वाढणाऱ्याला आधीच सांगायचं, तर्री कम. नुसतं बघितलं तर वाटतं आता जीभ जळणार, पण तिखट त्यामानानं बेतानं असतं, तेलच जास्त. अन् एक महत्त्वाचं, ऑर्डरच्या आधी विचारायचं, छोटे का है या बडे का? छोटं म्हणजे बकऱ्याचं, बडं म्हणजे म्हशीवर्गाचं. राज्यात गोवंश हत्याबंदी 2015 पासून कडक आहे, त्यामुळं बडं म्हणजे म्हैस-रेडा, पण आपल्याकडच्या बऱ्याच जणांना तेही चालत नाही. विचारल्याचं कुणी वाईट वाटून घेत नाही, रोजचाच प्रश्न आहे तो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाचही जण एकत्र बसा, सेंट्रल बसस्टँडच्या बाजूला अनलिमिटेड राजस्थानी-गुजराती थाळ्या मिळतात, शुद्ध शाकाहारी. सासूबाईंना तिथं कढी आवडेल. पण त्या दिवशी नाष्टा करायचा नाही, नाहीतर पैसे वाया.

बीडहून येतोय, स्टुडंट आहे, परीक्षा सकाळी आणि परतीची बस रात्री. दोस्त म्हणतो नान खलिया मुहम्मद तुघलकाच्या फौजेचं जेवण आहे, सातशे वर्षं जुनं. खरं का? (वाचक, बीड)

मित्रा, गोष्ट सगळं गाव सांगतं. तुघलकानं 1327 मध्ये राजधानी दिल्लीहून देवगिरीला म्हणजे दौलताबादला आणली, माणसांचे लोंढे आले, एवढ्या फौजेला झटपट पुरेल असं काहीतरी मोठ्या देगेत शिजवायचं आणि भट्टीतली रोटी द्यायची, त्यातून हे आलं म्हणतात. मोठ्या फौजेसाठी रस्सा आणि रोटी हे पटण्यासारखं आहे. पण तू ताटात बघशील ती लाल तर्री काही तुघलकानं खाल्ली नसणार, कारण मिरचीच मुळात आपल्याकडं पोर्तुगीजांबरोबर आली, म्हणजे तुघलकानंतर दीड-दोनशे वर्षांनी. तेव्हा तिखटाला मिरी असणार. म्हणजे नान जुना असेलही, रस्सा मात्र मागाहून रंगत गेला. दोस्ताला एवढं सांग अन् बिल त्याला भरायला लाव.

तुझ्याकडं दुपार मोकळी आहे तर भडकल गेट बघून पाणचक्कीला जा. भडकल दरवाजा 1612 चा, मलिक अंबरनं मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधला. पाणचक्कीला लोक कारंजं बघतात, फोटो काढतात आणि निघतात, पण ती चक्की दळण दळायला होती राव. लांबच्या डोंगरातून जमिनीखालच्या मातीच्या नळांनी पाणी आणलं, ते उंचावरून पाडलं आणि त्या जोरावर जातं फिरवलं, दर्ग्यात येणाऱ्या फकीर-यात्रेकरूंच्या भाकरीसाठी. खाण्याच्या नावानं फिरायलास ना, मग हे बघितलंच पाहिजे. मोठ्या वडाखाली बसायला सावली आहे. मग भूक लागली की नान, रस्सा घेऊन मोकळा हो, स्टुडंटच्या खिशाला परवडतं.

रमजानमध्ये जुन्या शहरात गेलं तर चालतं का? आमच्या ग्रुपमध्ये कुणी मुस्लिम नाही, उगाच कुणाला अवघडल्यासारखं होऊ नये. (वाचक, जालना)

चालतं म्हणजे काय, आमचे अर्धे मित्र रमजानचीच वाट बघायलेत. फक्त वेळ सांभाळा. दिवसा बरीच नॉनव्हेज हॉटेलं बंद किंवा पडदा लावलेली, आणि रोजा असलेल्या माणसासमोर रस्त्यात उभं राहून खाणं बरं दिसत नाही, एवढी समज ठेवली की झालं. इफ्तारच्या बरोब्बर वेळेला पोचू नका, तेव्हा दुकानदार स्वतः रोजा सोडत असतो, त्याला दोन खजूर तर निवांत खाऊ द्या. तास-दीड तासानं जा. शहागंज, सिटी चौक, बुढ्ढी लेन या सगळ्या भागात मग रात्री उशिरापर्यंत चालायला जागा नसते. हलीम घ्या, मटण-गहू-डाळी तासन् तास घोटून एकजीव केलेले असतात, वर तळलेला कांदा, लिंबू. एक प्लेट दोघांत पुरते, जड असतं. नुसतं फिरणाऱ्यांनी सरबत, फळं, खजूर घ्या, शाकाहारी माणूसही उपाशी राहत नाही. लहान लेकरं असतील तर हात सोडू नका, गर्दी खरंच असते.

दौलताबाद किल्ल्यावर काही खायला मिळतं का? आई साठ वर्षांची आहे, सोबत येणार आहे. (वाचिका, परभणी)

वर काही धरून चालू नका, पाणी मात्र खालूनच भरून घ्या. खाणं खाली. रस्त्याला पिठलं-भाकरी, ठेचा देणाऱ्या बायका असतात, चूल समोरच असते, भाकरी तव्यावरून थेट ताटात. दिवाळीच्या आगेमागे सीताफळं, थंडीत पेरू, आणि डिसेंबर-जानेवारीत त्या बाजूला हुरडा, तो सोडायचा नाही. पण क्रम चुकवू नका, किल्ला आधी आणि पिठलं नंतर. भरल्या पोटी त्या पायऱ्या आणि ती अंधारी (किल्ल्यातला काळोखा भुयारी रस्ता) चढायची म्हणजे शिक्षा आहे, आधीच अंधारीत वटवाघळांचा वास. आईंना चांदमिनारापर्यंत सपाट आहे तेवढं दाखवा आणि सावलीत बसवा, वरपर्यंत नेऊच नका. अजून एक, सोबत वेरूळही करणार असाल तर मंगळवार टाळा, लेणी बंद असतात, अजिंठा सोमवारी बंद. हे न बघता निघालेली माणसं मग दिवसभर मॉलमध्ये बसतात.

वडिलांना शुगर आहे, पण इमरती बघून थांबणार नाहीत. काय करू? (वाचक, हिंगोली)

सराफ्यातून नेऊच नका हो. गुलमंडीवरूनच रिक्षा करा आणि उस्मानपुऱ्यात तारा पानला घेऊन जा, तिथं सांगा बिनगुलकंदाचं, बिनचुन्याचं साधं. नेहमीचं मीठा पान मात्र त्यांच्या नजरेला पडू देऊ नका, त्यात साखर इमरतीपेक्षा काही कमी नसते.