घरच्या शेडसाठी बेंच ग्राइंडर: सहा इंची की आठ इंची?

तुमचा प्रश्न असा, की निपाणीजवळच्या गावात घरामागं शेड आहे, थोडं सुतारकाम, थोडं वेल्डिंग आणि घरचे विळे-कोयते एवढंच काम आहे. तर बेंच ग्राइंडर सहा इंची घ्यावा की आठ इंची, आणि चांगला ओळखायचा कसा?

सहा इंची घ्या, अर्ध्या एचपीचा. पण सगळे पैसे मशीनवर संपवू नका. एक पांढरा दगड, एक ड्रेसर (दगडाचं तोंड साफ-सपाट करायचं हत्यार) आणि धड टूल रेस्ट (घासताना वस्तू टेकवायचा टेकू) यांचे पैसे आधी बाजूला काढा, उरलेल्यात मशीन बसवा. मी बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, टूलरूममध्ये काम करतो. महागड्या मशीनवर भिकार दगड लावून पटाश्या जाळणारी माणसं इथं रोज बघतो.

आठ इंचीचा मोह सगळ्यांनाच पडतो. आपल्याकडच्या 50 हर्ट्झच्या करंटवर साधा ग्राइंडर मिनिटाला 2800 च्या आसपास फिरतो, मग दगड सहाचा असो की आठचा. फेरे तेवढेच, पण दगड मोठा, म्हणून कड जास्त वेगानं पळते: सहा इंचीची सेकंदाला साधारण 22 मीटर, आठ इंचीची 29. कास्टिंगची बर (कडेला उरलेला खरखरीत धातू) उडवायला तो वेग बरा. पटाशीच्या पातळ कडेला मात्र तो डोळा लवायच्या आत भाजतो. ऊसतोडीत अख्ख्या गल्लीचे कोयते तुमच्याकडं येणार असतील तर आठ इंचीचा विचार करा, नाहीतर नको.

भाजणं म्हणजे काय ते नीट बघा. धारेवर आधी गवती पिवळा रंग येतो, मग तपकिरी, जांभळा, निळा. पिवळा दिसला की लगेच हात मागं घ्या. निळा चढला म्हणजे तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कठीणपणा, उतरलं, मग ते रंध्याचं पातं असो की गाडीच्या कमान पाट्याचा कोयता. तेवढा निळा भाग सावकाश घासून काढायचा, दुसरा इलाज नाही. एचएसएसच्या (हाय स्पीड स्टीलच्या) ड्रिल बिटाचं तसं नाही. ते निळं पडलं तरी कठीणपणा टिकतो, पण लालभडक करून गार पाण्यात बुडवलं तर बारीक तडे जातात. लोक नेमकं उलटं करतात: ड्रिलला सारखं पाणी दाखवतात आणि पटाशी बिनधास्त दाबतात.

आता दगड. मशीनबरोबर येणारा करडा दगड बहुधा जाड आणि कडक असतो. तो एका बाजूला राहू दे, वेल्ड घासायला आणि पट्टीची कड मोडायला उपयोगी आहे. दुसऱ्या बाजूला पांढरा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा लावा, 80 ग्रिट, के ग्रेड. ग्रिट म्हणजे कणांचा बारीकपणा, ग्रेड म्हणजे दगडाचा कडकपणा; के म्हणजे मऊसर. कठीण पोलादाला मऊ दगड कशाला, असं वाटेल. पण बोथट झालेले कण मऊ दगडातून झडतात आणि खालचे ताजे कण वर येतात, म्हणून तो गार कापतो. हिरवा दगड कार्बाइडच्या टिपांसाठी असतो, तुम्हाला त्याचं काम नाही. कार्बोरंडम युनिव्हर्सल किंवा ग्राइंडवेल नॉर्टनचा घ्या, आणि जाताना शाफ्टचा व्यास मोजून न्या. दगडावर लिहिलेला आरपीएम (मिनिटाचे फेरे) मशीनपेक्षा जास्तच हवा.

दुकानात मशीन चालू करून बघितल्याशिवाय घेऊ नका ओ. बंद असताना शाफ्ट वर-खाली हलवून बघा, खेळ जाणवता कामा नये. चालू करून हात बॉडीवर ठेवा. थरथर आली तर दुकानदाराला दोन्ही दगड काढायला सांगा (डाव्या बाजूच्या नटाला उलटे आटे असतात) आणि नुसती मोटर फिरवा. आता शांत चालली तर मोटर चांगली, दोष दगडात किंवा फ्लँजमध्ये (दगडाला दोन्ही बाजूंनी आवळून धरणाऱ्या चकत्यांमध्ये) आहे. नुसती मोटरही थरथरत असेल तर ते मशीन तिथंच सोडा. स्वस्तातल्या मशीनला पत्र्याचे दाबीव फ्लँज असतात. उद्यमबागेत किंवा मच्छेत कुठल्याही लेथवाल्याकडून ते टर्न करून घेता येतात. व्यास दगडाच्या निदान एक तृतीयांश, म्हणजे सहा इंचीला दोन इंच.

टूल रेस्टचंही तसंच. मशीनबरोबरची पत्र्याची पट्टी अंगठ्यानं दाबली तरी वाकते. 6 मिमी जाड प्लेटचा, कोन बदलता येईल असा टेकू स्वतःच वेल्ड करा की, तुमच्याकडं वेल्डिंग मशीन आहेच. दगड आणि टेकू यांच्यात 3 मिमीपेक्षा जास्त फट नको. दगड झिजेल तसा टेकू पुढं सरकवायचा, नाहीतर बारीक वस्तू त्या फटीत ओढली जाते.

नवा दगड चढवण्याआधी भोकातून बोट घालून लटकता धरा आणि लाकडी मुठीनं हलकेच ठोका. खणखणीत वाजला तर चांगला, भद्द आवाज आला तर तडा आहे, परत करा. कागदी वॉशर काढू नका. चढवल्यावर पहिलं मिनिटभर बाजूला उभं राहून फिरू द्या. चष्मा हवाच, हातमोजे नकोत. अ‍ॅल्युमिनियम त्यावर घासू नका, दगड चोंदतो. आणि शेडात कडबा ठेवत असाल तर ठिणग्या त्या बाजूला जाणार नाहीत असं मशीन बसवा.

संध्याकाळी तुमच्याकडं व्होल्टेज पडत असेल तर 150 वॅटचं हलकं मशीन मुळीच घेऊ नका, जरा दाबलं की गुरगुरत थांबतं. अर्ध्या एचपीचं, म्हणजे 370 वॅटच्या आसपासचं, तेवढं सहन करतं. बंद पडलेल्या कारखान्यातलं जुनं बिडाच्या बॉडीचं मिळालं तर मी तेच घेईन, पण आधी ते थ्री फेजचं नाही ना, हे नेमप्लेटवर वाचा.