'प्राइझ' जहाज : बक्षीस, लूट की पाडाव?

विचारणा अशी आहे : "गुलामांच्या व्यापारावरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणतोय. त्यात पकडलेल्या जहाजाला सारखं 'प्राइझ' म्हटलंय आणि पुढे कोर्टाने ते 'कंडेम' केलं, असं येतं. 'बक्षीस मिळालेलं जहाज' आणि 'दोषी ठरवलेलं जहाज' असं लिहिलं तर चालेल का?"

नाही चालणार, दोन्ही नाही. शर्यतीत मिळतो तो प्राइझ मुळात 'किंमत' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलाय. जहाजाचा प्राइझ आलाय फ्रेंच 'प्रीझ'वरून, म्हणजे 'घेतलेलं, धरलेलं'. पोर्तुगीज 'प्रेझा'ही त्याच कुळातला. इंग्रजीत दोघांचं स्पेलिंग एक झालं एवढंच.

मराठीत यासाठी शब्द तयार आहे : पाडाव. आज आपण तो 'पराभव' या अर्थाने वापरतो, 'सरकारचा पाडाव झाला' वगैरे. पण बखरींत घोडे पाडाव होतात, हत्ती पाडाव होतात, माणसंही पाडाव होतात, म्हणजे लढाईत शत्रूकडून हाती लागतात. 'जप्ती' ही सरकारने आपल्याच कायद्याखाली केलेली. जकात चुकवली की होते ती. 'लूट' म्हटलं की कायदा संपला. प्राइझ या दोहोंच्या मधला आहे, कारण त्यात युद्ध हवं, शत्रूची जहाजं धरायची राजाची सनद हवी आणि शेवटी न्यायालयाचा निवाडा हवा.

सनदेवाचून काय होतं हे 1619 सालच्या प्रकरणात चांगलं दिसतं. अंगोलातल्या लुआंडाहून मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझकडे 'साँव जुआंव बाप्तिस्ता' हे पोर्तुगीज जहाज आफ्रिकन माणसं भरून निघालं होतं. कांपेचेच्या आखातात दोन इंग्रजी जहाजांनी ते गाठलं आणि त्यातली काही माणसं आपापल्या जहाजांवर घेतली. 'व्हाइट लायन'चा कप्तान जॉन जोप याच्याकडे डच सनद होती. 'ट्रेझरर'च्या डॅनियल एल्फ्रिथकडे सॅव्हॉयच्या ड्यूकची होती. पण तोवर सॅव्हॉयचा स्पेनशी तह झाला होता, आणि पोर्तुगाल तेव्हा स्पेनच्याच राजाखाली होतं, म्हणजे कागद रद्दीत जमा. आता बघा, समुद्र एक, शिकार एक, मारा दोघांनी मिळून केलेला. तरी एकाच्या हाती पाडाव आणि दुसऱ्याच्या माथी चाचेगिरी.

ऑगस्टच्या अखेरीस 'व्हाइट लायन' अमेरिकेतल्या व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीत पॉइंट कंफर्टला लागलं. तिथल्या जॉन रॉल्फच्या पत्रात नोंद आहे की त्यावर 'वीस आणि वर काही' निग्रो होते आणि गव्हर्नर व वसाहत चालवणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीच्या मुख्य व्यापाऱ्याने ते अन्नधान्याच्या बदल्यात घेतले. माणसांची बेरीजसुद्धा नीट केलेली नाही. तीन-चार दिवसांनी 'ट्रेझरर' आलं, पण तिथे फार न थांबता बर्म्युडाकडे निघून गेलं. लंडनला या कंपनीतल्या गटांत या जहाजावरून पुढे बराच धुरळा उडाला. वाद सगळा स्पेन काय म्हणेल आणि सनद कोणाची होती, याचा. जहाजात भरलेल्यांचा दावा कोणी ऐकायचा, हा मुद्दाच त्यात नव्हता.

आता 'कंडेम'. नौदल न्यायालयात पकडलेलं जहाज 'गुड प्राइझ' आहे असा निवाडा झाला की जुन्या मालकाचा हक्क बुडतो आणि पुढच्या खरेदीदाराला बिनघोर मालकी मिळते. त्यात गुन्हा कोणाचा नाही, शिक्षा कोणाला नाही. म्हणून 'जहाज पाडाव ठरवलं' किंवा 'पाडाव कायम केला' असं लिहा. ज्या कागदाच्या जोरावर हे चालायचं, त्या 'लेटर ऑफ मार्क'ला 'पाडावाची सनद' म्हणावं असं मला वाटतं. काहीजण 'दस्तक' सुचवतात, पण ते उलटं होईल. दस्तक हा सुखरूप जाऊ देण्याचा परवाना. आंग्र्यांच्या दस्तकाविना जाणारं गलबत कोकण किनाऱ्यावर धरलं जायचं आणि इंग्रज आंग्र्यांना चाचे म्हणायचे. स्वतःचे सनदी लुटारू मात्र 'प्रायव्हेटियर'. ('सनदी' म्हटलं की हल्ली कलेक्टरच डोळ्यांपुढे येतो, त्याला इलाज नाही.)

तुमच्या लेखात 'झाँग' जहाज येत असेल तर एक काळजी घ्या. 1781च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी धरलं तेव्हा ते डच होतं, नाव 'झोर्ग', आणि त्यात 244 आफ्रिकन आधीच होते. ते लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांसाठी विकत घेतलं गेलं ते या माणसांसकट. पण 1783चा ग्रेगसन विरुद्ध गिल्बर्ट हा खटला पाडावाचा नाही, विम्याचा आहे. वाटेत शंभराहून अधिक माणसं समुद्रात फेकली आणि मालकांनी डोक्यामागे तीस पौंडांप्रमाणे भरपाई मागितली. तिथे 'क्लेम'चं मराठी 'विमादावा' करा. 1619च्या गोष्टीत मात्र 'मालकीचा दावा'. कोर्टाच्या कागदातलं 'कार्गो' अवतरणात 'माल' म्हणून ठेवा. तुमच्या स्वतःच्या वाक्यात 'माणसं'च लिहा.