बॉस्टनला बाळ घेऊन येताय? आधी घराचं साल विचारा

तुम्ही विचारलंय की मार्चमध्ये पुण्याहून बॉस्टनला निघताना दहा महिन्यांच्या बाळासाठी बॅगेत काय भरू: नाचणीसत्त्व, बाळगुटी, काजळ, आजीची पितळी भांडी? बॅगेचं सांगतेच, पण त्याआधी सांगा, घर कोणत्या साली बांधलेलं आहे?

इथे घरगुती रंगात शिसं वापरायला १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या कित्येक घरांत जुन्या थरांखाली ते अजून आहे, आणि बॉस्टनलगतच्या समरव्हिल, मेडफर्डकडची तीन मजली लाकडी घरं तर शंभरीला टेकलेली. आमचंही तसलंच. उजेड छान म्हणून घेतलं. वर-खाली सरकणारी खिडकी दर वेळी चौकटीला घासायची नि खाली पांढरी पूड पडायची. मी ती कोरड्या फडक्याने झटकायचे, म्हणजे घरभर उडवायचे! लेक तीच चौकट धरून उभी राहायची, मग बोटं तोंडात.

वर्षाच्या तपासणीला बोट टोचून रक्त घेतलं. मॅसॅच्युसेट्समध्ये, म्हणजे या राज्यात, बाळाच्या रक्तातल्या शिशाची ही चाचणी सक्तीची आहे. दोन दिवसांनी नर्सचा फोन: शिसं ९. बोटावरच्या धुळीनेही आकडा फुगतो, म्हणून शिरेतून पुन्हा घेतलं, तर ७. हे आकडे एका डेसिलिटर रक्तातल्या मायक्रोग्रॅमचे. इथे ३.५ च्या पुढे गेलं की लक्ष घालतात; निर्धोक अशी पातळी नाहीच. लक्षण मात्र एकही नाही. पोर मजेत खेळत होती. शिसं मेंदूत कॅल्शियमची जागा बळकावतं आणि ते कळतं पुढे शाळेत, जेव्हा लक्ष लागत नाही, शिकणं जड जातं.

डॉक्टरांनी लोहही तपासलं. कमी निघालं. रंगाचा नि लोहाचा काय संबंध, मला कळेना. तर आतड्यातून लोह ज्या वाटेने रक्तात जातं, त्याच वाटेने शिसंही घुसतं. लोह कमी पडलं की शरीर ती वाट रुंद करतं, आणि फावतं शिशाचं. शिवाय मेंदूच्या वाढीला लोह लागतंच. चूक माझी होती. दहाव्या महिन्यापासून गाईच्या दुधाच्या बाटल्या चालू केल्या होत्या. पोट भरायचं, जेवण राहायचं. गाईचं दूध वर्षानंतरच द्या, तेही दिवसाला ७०० मिलीच्या आत.

आता बॅग. नाचणीसत्त्व मोड आणलेलं आणा, मोडामुळे लोह शोषायला सोपं जातं. वरणभातावर लिंबू पिळा. काजळ, सुरमा नको. पितळेत शिसं असू शकतं आणि आंबटाने ते उतरतं, म्हणून भांडी शोभेला ठेवा. बाळगुटी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको. हळद सुटी, कुठली ते माहीत नसलेली आणू नका. फिक्या हळकुंडांना लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, चोळून पिवळी करण्याचा प्रकार बांगलादेशात उघडकीला आलेला आहे. माझ्या सासूबाई सांगलीहून न रंगवलेली हळकुंडं आणून डोळ्यांदेखत दळून देतात.

जुन्या नळांतूनही पाण्यात शिसं उतरू शकतं, म्हणून नळाचं पाणी सकाळी जरा वाहू द्या, आणि गरम नळाचं पाणी पेजेला कधीच नको.

करार करताना जुन्या घराचा शिशाविषयीचा कागद सहीला येतो. आमच्या एजंटाने तो चळतीत सरकवला आणि आम्ही न वाचता सही ठोकली. मॅसॅच्युसेट्समध्ये सहा वर्षांखालचं मूल राहत असेल तर शिसं काढणं किंवा झाकणं मालकाचं काम. मूल आहे म्हणून घर नाकारणं बेकायदा आहे, तरी पुढचं घर शोधताना दोघांनी वय ऐकताच फोन ठेवला. शिसं काढल्याचा दाखला मागा, 'नवा रंग दिलाय' यावर जाऊ नका.

लोहाचे थेंब दिले, त्याने लेकीचे दात काळपट झाले, ते ब्रशने निघाले. घर बदलल्यावर सात महिन्यांनी आकडा ३ वर आला. तुमच्या घराच्या बांधकामाचं साल नि तो कागद हातात आला की कळवा, आपण दोघी मिळून वाचू.