इजिप्तच्या वाळवंटातले पहिले ख्रिस्ती संन्यासी पोट कसं भरायचे?

हातच्या कामावर. चौथ्या शतकात स्केटिस, नित्रिया इथले संन्यासी खजुराची पानं पाण्यात भिजवून दोऱ्या वळत, टोपल्या विणत. हात चालू आणि ओठांवर स्तोत्रं. टोपल्या विकून धान्य यायचं. जेवण म्हणजे कडक वाळवलेला छोटा पाव, पाण्यात भिजवून मिठासोबत, बहुतेकदा दिवसातून एकदाच.

पण मला त्यांच्या उपासापेक्षा त्यांची माया मोठी वाटते. एका संन्याशाच्या चुकीचा निवाडा करायला सगळे जमले, तेव्हा एकेकाळी दरोडेखोर असलेले संन्यासी अब्बा (म्हणजे पिता) मोशे गळकं मडकं पाण्याने भरून घेऊन आले, असं सांगतात. माझी पापं अशीच मागे सांडत असतात, मला दिसत नाहीत, आणि मी दुसऱ्याचा न्याय करायला निघालोय, असं ते म्हणाले. त्या संन्याशाला माफी मिळाली.